शंख टाकलेल्यांचं शहाणपण

माकूळ साफ करणारीचा हात आधी डोक्याकडे जातो. एका हाताने धड धरायचं, दुसऱ्या हाताने डोकं हलकेच ओढायचं. त्याबरोबर आतडी बाहेर येतात आणि त्यांतच शाईची चंदेरी पिशवी असते. ती फुटली तर बोटं, ओटा, पाणी सगळं काळंशार. मग रिकाम्या नळीत बोट घालून ती पाठीच्या बाजूने एक लांबट, पातळ, आरपार दिसणारी पट्टी ओढून काढते. नव्या शर्टाच्या कॉलरखाली प्लास्टिकची पट्टी असते ना, तशी. पट्टी कचऱ्यात जाते, माकुळाच्या चकत्या होतात आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात पडतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मुंबईच्या ससून डॉकपर्यंत हे रोजचंच आहे.

ती पट्टी म्हणजे शंख. शंखाचं जेवढं शिल्लक राहिलं तेवढं.

माकुळाचा एक रुंद अंगाचा भाऊबंद आहे, कटलफिश. किनाऱ्यावर त्यालाही सर्रास माकूळच म्हणतात. कुठे म्हाकूळ, तर गोव्यात माणकी. त्याच्या पाठीत पांढरं, ठिसूळ, होडीच्या आकाराचं एक हाड असतं. पावसाळ्यानंतर वाळूत चालताना ते पायाला लागतं. लोक त्याला समुद्रफेस म्हणतात, आयुर्वेदाच्या ग्रंथांत ते समुद्रफेन म्हणून येतं, आणि पोपट पाळणारे ते चोच घासायला पिंजऱ्याला अडकवतात. तोही शंखच, फक्त बाहेरून आत गेलेला. तिसरा भाऊ ऑक्टोपस. त्याच्याकडे एवढंही उरलेलं नाही. चोच सोडली तर अंगात कठीण असं जवळजवळ काही नाही.

हे तिघेही मृदुकाय प्राणी, म्हणजे तिसऱ्या, कालवं आणि गोगलगायी यांच्या कुळातले. या कुळाची रीत ठरलेली: मऊ अंग, वर टणक घर, आणि संकट आलं की घरात शिरून दार लावून घेणं. या तिघांच्या पूर्वजांनी ते घर टाकलं. त्यांची बुद्धी कुठून आली याचा शोध घेणारे बरेच शास्त्रज्ञ आज पुन्हापुन्हा याच घटनेपाशी येऊन थांबतात.

सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर लहान शंकूच्या आकाराचे शंख घेऊन वावरणारे प्राणी होते. त्यांच्या शंखात पडदे तयार झाले, पडद्यांमागच्या कप्प्यांत वायू भरला, आणि सरपटणारा जीव तळ सोडून तरंगू लागला. पुढे कोट्यवधी वर्षं समुद्रात अशा शंखधाऱ्यांचं राज्य होतं. त्यांतल्या एका मोठ्या शाखेला अमोनाइट म्हणतात, आणि मराठी घरांना ती अगदीच अनोळखी नाही. नेपाळच्या गंडकी नदीत मिळणारा, देव्हाऱ्यात पूजला जाणारा चक्रांकित शाळिग्राम हा अमोनाइटचाच जीवाश्म. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबर अमोनाइटही संपले. बाहेरचा शंख सांभाळून आजवर टिकला तो फक्त नॉटिलस, खोल पाण्यातला, संथ, पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहूनही अधिक जगणारा.

दुसऱ्या एका शाखेने मात्र त्याच्या कितीतरी आधीच शंख आत घेतला, झिजवला आणि शेवटी जवळपास सोडून दिला. त्याच सुमारास समुद्रात जबडेवाले मासे वाढत होते. चपळ, नजर तीक्ष्ण, चावा जबर. जडशीळ शंख घेऊन त्यांच्याशी पळण्याची शर्यत लावणं अवघड होतं. १९७२ मध्ये अँड्र्यू पॅकार्ड या जीवशास्त्रज्ञाने मांडलं की माकूळ-ऑक्टोपस आज जसे आहेत तसे त्यांना माशांबरोबरच्या चढाओढीने घडवलं. २०१९ मध्ये पिएरो अमोदियो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेला. शंख गेल्यावर दोन गोष्टी एकदम घडल्या. अरुंद भेगांत, खडकांच्या सांदीत, जिथे शंखवाल्याला जाता येत नव्हतं तिथलं अन्न खुलं झालं. आणि ज्याला भूक लागेल त्याने येऊन तोंड मारावं असं हे उघडं मांस समुद्रात फिरू लागलं. अशा जीवाला लपावं लागतं, फसवावं लागतं, कुणाशी कसं वागायचं हे क्षणात ठरवावं लागतं. घर नसलेल्याला डोकं चालवावं लागतं, असा या मांडणीचा गाभा आहे.

मांडणी देखणी आहे, पण तिला एक गाठ आहे. २००८ मध्ये रॉबिन क्रुक आणि जेनिफर बेसिल यांनी नॉटिलसला निळा प्रकाश आणि खाणं यांचा संबंध शिकवला, तेव्हा तो आठवण २४ तासांपर्यंत धरून ठेवतो असं दिसलं. ऑक्टोपसच्या मेंदूत स्मरणासाठी जो खास उभा खंड असतो, तो नॉटिलसकडे नाही. म्हणजे शिकण्याची बीजं शंख असतानाही होती. शंख गेल्यावर त्यांना खतपाणी मिळालं, एवढंच म्हणणं आज योग्य ठरेल.

आणि पीक केवढं आलं! ॲप्लिजिया या समुद्री गोगलगायीच्या साऱ्या शरीरात चेतापेशी २० हजारांच्या आसपास. एरिक कँडेल यांनी स्मृतीचं रसायन याच साध्या जिवात शोधलं आणि २००० साली नोबेल मिळवलं. त्याच कुळातल्या ऑक्टोपसकडे मात्र चेतापेशी आहेत सुमारे ५० कोटी. माणसाच्या ८,६०० कोटींपुढे हा आकडा लहान वाटेल, पण हे भाऊबंद सोडले तर पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत या आकड्याच्या जवळपासही दुसरं कुणी नाही.

हा मेंदू बसवलाय मात्र भलत्याच जागी. अन्ननलिका मेंदूच्या मधोमध जाते, मेदूवड्याच्या भोकातून काडी जावी तशी. त्यामुळे घास लहानच घ्यावा लागतो. शिवाय ५० कोटींपैकी जवळजवळ दोनतृतीयांश चेतापेशी डोक्यात नाहीतच, त्या आठ बाहूंत आहेत. जेरुसलेममध्ये बिन्यामिन होखनर यांच्या प्रयोगशाळेत शरीरापासून वेगळ्या केलेल्या बाहूच्या चेतातंतूला विजेचा हलका स्पर्श केला, तर तो बाहू जिवंत ऑक्टोपस भक्ष्याकडे हात लांबवतो अगदी तसाच उलगडत गेला. म्हणजे हात कसा लांबवायचा हे हातालाच ठाऊक असतं. डोकं बहुधा फक्त ‘कर’ म्हणतं. बाहूवरच्या प्रत्येक चूषकाला स्पर्शाबरोबर चवही कळते. अंधाऱ्या भेगेत हात घालून ऑक्टोपस खेकडा चाखतो, डोळ्यांनी पाहण्याआधीच. असं शरीर घेऊन जगणं आतून कसं वाटत असेल, या प्रश्नाशी आपली कल्पनाशक्ती थकते.

डोळे मात्र थेट आपल्यासारखे. भिंग, बाहुली, मागे पडदा. आपला आणि त्यांचा शेवटचा समाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून कितीतरी जुना, किड्यासारखा साधा; अंधार-उजेड कळण्यापलीकडे त्याला फारसं दिसत नसावं. तिथून दोन वाटा फुटल्या आणि दोन्ही वाटांवर कॅमेऱ्यासारखा डोळा स्वतंत्रपणे घडला. त्यांचा तर एका बाबतीत सरसही. आपल्या डोळ्यात चेतातंतू पडद्याच्या पुढून जातात आणि बाहेर पडताना एक आंधळा ठिपका सोडतात. त्यांचे तंतू पडद्यामागूनच निघतात, त्यामुळे तो ठिपका नाही. डोळ्याचं जे झालं तेच बुद्धीचं. म्हणून या प्राण्यांचा अभ्यास इतका मोलाचा आहे. कावळा, डॉल्फिन, चिंपांझी यांचे मेंदू आपल्याच घराण्याचे. निसर्गाने हे काम पहिल्यापासून पुन्हा, वेगळ्याच नकाशावर केलं ते इथे.

नेपल्सच्या किनाऱ्यावर, शहराच्या बागेत, समुद्राकडे तोंड करून एक जुनी इमारत उभी आहे. अँटोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये स्थापलेलं हे प्राणिशास्त्र केंद्र. ऑक्टोपसच्या मनाचा बराचसा इतिहास इथल्याच टाक्यांत घडला. १९५० च्या दशकात जे. झेड. यंग आणि ब्रायन बॉयकॉट इथे ऑक्टोपसपुढे खेकडा सोडत. नुसता खेकडा आला तर धरायचा. खेकड्याबरोबर पांढरा चौकोन आला आणि तरीही धरला, तर विजेचा झटका. ऑक्टोपस लवकरच शिकत. मग मेंदूतला उभा खंड काढला की तीच शिकवण त्यांना टिकवता येईना. पाठीचा कणा नसलेल्या जिवाच्या मेंदूत स्मृतीची जागा अशी सापडली.

पण त्या केंद्राच्या आठवणींत अधिक जिवंत वाटतो तो चार्ल्स. हार्वर्डच्या पीटर ड्यूज यांनी तीन ऑक्टोपसांना दांडी ओढायला शिकवलं; दांडी ओढली की माशाचा तुकडा मिळे. अल्बर्ट आणि बर्ट्रम शहाण्यासारखे तरंगत येत आणि दांडी ओढत. चार्ल्सने काही बाहू टाकीच्या भिंतीला घट्ट रोवले, उरलेले दांडीभोवती गुंडाळले आणि सगळा जोर लावला. दांडी वाकत गेली, शेवटी मोडली. टाकीवर टांगलेला दिवा त्याने पाण्यात ओढून घेतला. आणि टाकीजवळ येणाऱ्या माणसावर तो पाण्याची पिचकारी मारी. १९५९ मध्ये छापलेल्या आपल्या निबंधात ड्यूज यांनी हे सगळं सरळ नोंदवलं, ही त्यांची मोठी गोष्ट. प्रयोग फसला असं म्हणून चार्ल्सला आकडेवारीतून वगळणं सोपं होतं. त्याऐवजी तिन्ही प्राण्यांचे तीन स्वभाव कागदावर आले.

त्याच केंद्रात १९९२ मध्ये ग्रात्सियानो फियोरितो आणि पिएत्रो स्कोत्तो यांनी आणखी धाडसी दावा केला. एका ऑक्टोपसला लाल आणि पांढऱ्या चेंडूंतला एक निवडायला शिकवायचं आणि शेजारच्या टाकीतल्या दुसऱ्याला ते नुसतं बघू द्यायचं. बघणाऱ्यानेही तोच चेंडू निवडला. (ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत, त्याच्या डोळ्यात प्रकाशग्राहक एकाच प्रकारचा. चेंडू तो उजळपणावरून ओळखत होता.) या प्रयोगावर पुढे शंका घेतल्या गेल्या, वाद झाले, आणि व्हायलाच हवे होते. कारण ऑक्टोपस एकांडा. आईबाप नाहीत, कळप नाही, शाळा नाही. त्याने दुसऱ्याकडे बघून शिकायचं ते कशासाठी?

न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस निसटला, ती २०१६ ची बातमी जगभर गाजली. टाकीच्या वर फट राहिली होती. तो फरशीवरून सरकत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या सांडपाण्याच्या नळातून समुद्रात उतरला. अशा गोष्टी लोकांना आवडतात. पण त्याहून विलक्षण काही इंडोनेशियाच्या समुद्रात चित्रित झालं आहे.

बाली आणि उत्तर सुलावेसीच्या किनाऱ्यालगत तळ म्हणजे नुसता मऊ गाळ. लपायला खडक नाही, पोवळं नाही. माणसं नारळ फोडतात आणि करवंट्या समुद्रात टाकतात. तिथल्या एका जातीच्या ऑक्टोपसला या करवंट्यांचा उपयोग सापडला. तो गाळात रुतलेली करवंटी उकरतो, पाण्याच्या झोताने तिच्यातला चिखल धुऊन काढतो, वाटीत वाटी बसवावी तशा दोन करवंट्या एकात एक ठेवतो, वर बसतो आणि आठही बाहू ताठ करून त्यांच्या टोकांवर चालू लागतो. पोटाशी ओझं, खाली काठ्यांसारखे पाय. चाल अवघडलेली, वेग नाही, आणि या चालीत लपणंही होत नाही. वाटेत करवंट्या त्याचं रक्षण करत नाहीत, उलट त्यालाच उघडं पाडतात. त्यांचा फायदा नंतर मिळतो, थांबल्यावर, जेव्हा तो एक करवंटी खाली आणि एक वर घेऊन आत मिटून बसतो. ज्युलियन फिन, टॉम ट्रेगेन्झा आणि मार्क नॉर्मन यांनी २००९ मध्ये हे प्रसिद्ध केलं तेव्हा ‘हत्यार वापरणारे प्राणी’ या यादीत प्रथमच ऑक्टोपस आला.

त्या चित्रफितीतला शेवटचा क्षण पाहण्यासारखा आहे. करवंटी बंद होते आणि फटीतून एक डोळा दिसत राहतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्याच्या पूर्वजांनी घर टाकलं, त्याने दुसऱ्याचं टाकलेलं घर उचललं होतं.

कटलफिशचं शहाणपण वेगळ्या प्रकारचं. २०२१ मध्ये ॲलेक्झांड्रा श्नेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे दोन पारदर्शक दारं ठेवली. एकामागे कोळंबीचा मेलेला तुकडा, हवा तर लगेच घ्या. दुसऱ्यामागे जिवंत, उड्या मारणारी कोळंबी, पण ते दार उशिरा उघडणार. पहिलं घेतलं की दुसरं गेलं. कटलफिश थांबले. ५० सेकंद, काही तर १३० सेकंदांपर्यंत. काहींनी समोरच्या तुकड्याकडे पाठ फिरवली, जणू मोह नजरेआड करायचा होता. दुसरं दार उघडणारच नाही हे कळलेलं असेल, तेव्हा मात्र ते उगाच थांबत नव्हते. धीर धरण्याचा संबंध त्यांच्या जगण्याशी असावा, असं संशोधकांना वाटतं. कटलफिश दिवसाचा बराच वेळ आजूबाजूच्या रंगात मिसळून निश्चल पडून असतो. खायला हललं की तो दिसतो, आणि दिसला की स्वतःच भक्ष्य होऊ शकतो. ज्याला प्रत्येक घासासाठी जीव पणाला लावावा लागतो, त्याने घास निवडून घेतलेला बरा.

सिडनीजवळच्या एका जातीच्या नर कटलफिशचं कसब तर चकित करणारं आहे. एका बाजूला मादी आणि दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी नर असेल, तर तो अंगाच्या मादीकडच्या अर्ध्या भागावर प्रणयाची नक्षी उमटवतो, आणि नराकडच्या अर्ध्या भागावर मादीची. नराला वाटतं, तिथे दोन माद्या आहेत. क्युलम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे नोंदवलं.

हे सगळं घडवणारा जनुकीय मजकूरही वेगळाच निघाला. २०१५ मध्ये ऑक्टोपसचा जनुकसंच प्रथम वाचला गेला. चेतापेशींची एकमेकींशी नीट जुळणी करायला मदत करणारी प्रोटोकॅडहेरिन नावाची जनुकं सस्तन प्राण्यांत असतात त्याच्या दुपटीहून जास्त, १६८, त्यात सापडली. पण खरी नवलाई पुढच्या टप्प्यात आहे. पेशी डीएनएची आरएनए ही प्रत काढते आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनवते. बहुतेक प्राण्यांत प्रत मूळ मजकुराशी जुळते. माकूळ, कटलफिश आणि ऑक्टोपस मात्र प्रतीवर हजारो ठिकाणी खाडाखोड करतात, आणि तीही मुख्यतः चेतासंस्थेत. हस्तलिखित तसंच ठेवायचं आणि दर प्रतीत प्रसंग पाहून शब्द बदलायचा, अशी ही पद्धत. जोशुआ रोझेन्थाल आणि एली आयझेनबर्ग यांच्या गटाने २०१७ मध्ये याची किंमतही दाखवली: खाडाखोडीच्या जागा टिकाव्यात म्हणून आसपासचा मूळ मजकूर गोठलेला ठेवावा लागतो, त्यामुळे डीएनएची उत्क्रांती मंदावते. नॉटिलसमध्ये हा प्रकार फारच कमी. २०२३ मध्ये ऑक्टोपसांना गार पाण्यात ठेवून पाहिलं, तेव्हा काही दिवसांतच २० हजारांहून अधिक जागी खाडाखोड वाढली. हाच बुद्धीचा उगम, असं म्हणायला अजून पुरावा नाही. पण हे हुशार म्हणून ओळखले गेलेले तिघेच असं करतात आणि त्यांचा मंद भाऊ करत नाही, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आता वेदना. रॉबिन क्रुक यांनीच २०२१ मध्ये दाखवलं की ज्या खोलीत आपल्याला दुखलं ती खोली ऑक्टोपस पुढे टाळतो, आणि जिथे भूल देऊन दुखणं थांबलं ती पसंत करतो. जोनाथन बर्च यांच्या गटाच्या अहवालानंतर ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात या प्राण्यांना संवेदनशील जीव मानलं. कॅनरी बेटांवर ऑक्टोपस पैदाशीचं मोठं केंद्र काढण्याची योजना स्पेनमधल्या एका कंपनीने आखली. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशा पैदाशीवर बंदीच घातली. हा बंदीचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. एकट्याने जगणाऱ्या, कंटाळणाऱ्या, स्वभाव असलेल्या जिवाला दाटीवाटीच्या टाकीत वाढवणं आणि समुद्रात जाळं टाकणं, या दोन सारख्या गोष्टी नव्हेत. आपल्याकडचं माकूळ गोठवून युरोपात जातं, तेव्हा हा प्रश्न आपल्याही बंदरांपर्यंत येणार आहे.

या साऱ्यात जिवाला चटका लावणारी गोष्ट म्हणजे त्यांचं आयुष्य. चिंपांझीला, हत्तीला, कावळ्याला शिकलेलं वापरायला वर्षं मिळतात. बहुतेक ऑक्टोपसांना एक, फार तर दोन. अमोदियो यांच्या मांडणीत याचंही कारण शंखातच आहे. उघड्या अंगाचा प्राणी आज ना उद्या खाल्ला जाणार. मग निसर्गाच्या हिशोबात म्हातारपणासाठी काही राखून ठेवण्यात अर्थ नाही. सगळं लवकर, सगळं एकदाच. मादी अंडी घालते, खाणं सोडते, राखण करते आणि मरते. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी अंडी राखणाऱ्या माद्यांच्या डोळ्यांमागच्या दोन ग्रंथी काढल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि अधिक जगल्या. म्हणजे मरण बाहेरून येत नव्हतं, ते अंगातच ठरलेलं होतं.

मे २००७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरेच्या सागरी दरीत, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, ब्रूस रॉबिसन यांच्या चमूच्या दूरनियंत्रित पाणबुडीला एका कड्यावर अंड्यांना कवटाळून बसलेली एक मादी दिसली. पाणी ३ अंश सेल्सियस. अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखता येत होती. चमू पुन्हापुन्हा तिथे गेला, एकूण १८ वेळा. दर वेळी ती तिथेच. अंडी मोठी होत गेली, ती रोडावत गेली. कातडी सैल पडली, रंग उडाला, डोळे धुरकट झाले. जवळून खेकडे जात होते, तिने हात लावला नाही. पाणबुडीच्या यांत्रिक हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही तिने घेतले नाहीत. सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये पाणबुडी उतरली तेव्हा कड्यावर कुणी नव्हतं. ५३ महिने ती जिथे बसली होती तिथे अंड्यांची सुमारे १६० फाटकी कवचं दगडाला चिकटून होती, सगळी रिकामी.